मुंगीची कपची, नेवाशाचा बैल

नगर जिल्ह्यातील प्राचीन जीवसृष्टीविषयी बोलायला उभे राहिले की श्रोत्यांतून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आपल्याकडे डायनोसॉर होते का?’ जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण प्रश्न तोच आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर श्रोत्यांना फारसे आवडत नाही. ही भूमी तेव्हाही होती, त्यामुळे ते प्राणी इथे वावरले असणे शक्य आहे. पण त्यांचा पुरावा आपल्या जिल्ह्यात हाती लागण्याजोगा नाही. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याला किंवा नर्मदेकाठी जबलपूरला जावे लागते. तिथे लाव्ह्याखालचे गाळाचे खडक उघडे पडले आहेत आणि त्यांत डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत. आपल्याकडे ते खडक असलेच तर काळ्या पाषाणाच्या प्रचंड थराखाली गाडलेले आहेत.

हा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हा. अकोले तालुक्यातील कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत ती याच लाव्ह्याच्या थरांनी रचलेली आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले तर हे थर एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखे दिसतात. बाहेर पडताना लाव्ह्याचे तापमान हजार अंशांच्या पुढे असते. त्याच्या वाटेत सापडलेल्या प्राण्याचे हाड मागे उरत नाही. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात एखादे तळे साचले, त्यात गाळ बसला आणि त्यावर पुढचा लाव्हा आला, तरच त्या गाळात जीवाश्म टिकतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. विदर्भातही असे थर आहेत. नगरच्या घाटमाथ्यावर मात्र लाव्ह्यांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा तेवढा दिसतो.

म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या भूवैज्ञानिक बखरीची पहिली पाने काळ्या दगडाची आहेत आणि त्यांवर जिवंत प्राण्याची नोंद जवळजवळ नाही. त्यानंतरच्या काही कोटी वर्षांची पाने तर नाहीतच. त्या काळात इथे गाळ साचून राहण्यापेक्षा खडक झिजून वाहून जाण्याचेच काम चालले होते. बखर पुन्हा सुरू होते ती अगदी अलीकडे, गेल्या काही लाख वर्षांत, आणि ती डोंगरात नव्हे तर नदीच्या काठावर लिहिलेली आहे. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. मुळेचे पाणी पोटात घेऊन प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. या नद्यांच्या काठच्या दरडींत खडी, वाळू आणि पिवळसर मातीचे जे थर दिसतात, त्यांतच आपल्या प्रदेशातील जुन्या प्राण्यांची हाडे आहेत. हाडांच्या जोडीला त्या प्राण्यांच्या काळातील माणसाची हत्यारेही आहेत, आणि या लेखाचा विषय ती जोडीच आहे.

हाड दगडासारखे कसे होते, हे आधी पाहू. जनावर मेले आणि उघड्यावर राहिले तर तरस, गिधाडे, ऊन आणि पाऊस मिळून काही वर्षांत त्याचा मागमूस ठेवत नाहीत. पण पुरात वाहत आलेला सांगाडा खडी-वाळूखाली झटकन गाडला गेला, तर त्याची नासाडी मंदावते. पुढचे काम आपल्याकडे चुना करतो. काळ्या पाषाणातील खनिजांत कॅल्शियम असते. पाषाण कुजला की ते पाण्यात उतरते. घाटमाथ्यावर पाऊस अतोनात, पण नेवासे-शेवगावकडे पर्जन्यछायेचा मुलूख. तिथे जमिनीतले पाणी आटते आणि चुना मागे उरतो. शेतात नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे हे त्याचेच रूप. हाच चुना नदीकाठच्या जुन्या खडीत शिरून गोट्याला गोटा चिकटवतो. अशा थरावर कुदळ मारली तर काँक्रीटवर मारल्यासारखी उडते. हाडाच्या सूक्ष्म पोकळ्यांतही खनिजे भरतात, आणि हाड आकाराने तसेच राहून वजनाला दगड होते.

आता त्या जोडीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील विद्वानांची समजूत अशी होती की नामशेष झालेले हत्ती-गेंडे आणि माणूस यांची कधी गाठ पडली नाही. ते प्राणी संपल्यावर माणूस आला, असे ते धरून चालत. फ्रान्समध्ये सोम नदीच्या खडीत बुशे द पर्थ नावाच्या एका हौशी संशोधकाला गारगोटीची हत्यारे आणि नामशेष प्राण्यांची हाडे एकाच थरात मिळत होती, पण त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देईना. १८५८ मध्ये ह्यू फाल्कनर यांनी तिथे जाऊन तो संग्रह पाहिला आणि आपल्या मित्रांना तिकडे जाण्याचा आग्रह केला. दुसऱ्या वर्षी प्रेस्टविच आणि इव्हान्स यांनी ती जागा तपासली आणि माणसाचे पुराणत्व मान्य झाले. फाल्कनर यांची बरीच हयात हिंदुस्थानात गेली होती. शिवालिक टेकड्यांतील आणि नर्मदेच्या काठचे जीवाश्म हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. नर्मदेच्या खडीतील प्रचंड हत्तीला आणि रानबैलाला ‘नमाडिकस’ हे नाव मिळाले ते नर्मदेवरून. ही दोन्ही नावे फाल्कनर यांच्या कामातून आली, आणि हेच दोन प्राणी पुढे गोदावरीच्या खोऱ्यात भेटणार होते.

३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले आणि भारतातील अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. पण ते हत्यार जांभ्या दगडाच्या खडीतले. जांभ्यात हाड टिकत नाही. हत्यार होते, प्राणी नव्हता. प्राण्याची बाजू पुढे आली ती आपल्या जिल्ह्यात. शेवगाव तालुक्यातील मुंगी हे गोदावरीच्या दक्षिण काठचे गाव, पैठणच्या शेजारचे. ‘मुंगी-पैठण’ असे जोडनावच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे ए. बी. विन यांना तिथे नदीच्या हाडे मिळणाऱ्या जुन्या थरात अकीकाची एक कपची मिळाली. विभागाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये विभागाच्या ‘रेकॉर्ड्‌स’च्या पहिल्याच खंडात तिच्यावर टिपण लिहिले. टिपणाच्या शीर्षकात थराच्या काळाचे नाव ‘प्लायोसीन’ असे दिले आहे आणि त्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह घातले आहे. थर किती जुना याची खात्री नव्हती, आणि ती नसल्याचे शीर्षकातच सांगितले होते. आज तो काळ त्यानंतरचा, म्हणजे प्लायस्टोसीन, मानला जातो. पण त्या प्रश्नचिन्हात खरा प्रश्न होता: इथला माणूस आणि इथले नामशेष प्राणी एकाच काळातले का?

एका कपचीवर उत्तर देता येत नव्हते. दगड नदीत नैसर्गिकपणेही फुटतात, आणि एकच कपची वरून घरंगळत आली असे म्हणता येते. १९०५ मध्ये जी. ई. पिलग्रिम यांनी गोदावरीच्या गाळातील ‘नमाडिकस’ हत्तीवर लेख लिहिला. हा जीवाश्म नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरचा. आज ते गाव पाणपक्ष्यांसाठी आणि रामसर स्थळ म्हणून प्रसिद्ध आहे. नर्मदा खोऱ्यातील प्राणी गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातही वावरत होते, हे त्यावरून पक्के झाले. हा हत्ती आजच्या हत्तीहून कितीतरी मोठा, सरळसर सुळ्यांचा आणि कपाळावर हाडाचा जाड पट्टा असलेला होता. मोठे नर खांद्याशी ४ मीटरच्या वर जात. पण इथे प्राणी होता, हत्यार नव्हते.

दोन्ही एकत्र आली नेवाशाला. नेवासे म्हटले की मराठी वाचकाला शके १२१२ आणि ज्ञानेश्वर आठवतात. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया १९५४ मध्ये तिथे उत्खननाला आले ते प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडासाठी. शां. भा. देव आणि झे. डी. अन्सारी यांच्यासारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते. टेकाडात वरून खाली जाताना मराठा-मुसलमान काळ, सातवाहन काळ, मग ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांची वस्ती असे थर लागले. टेकाड संपल्यावरही सांकलिया थांबले नाहीत. त्यांनी नदीच्या दरडी तपासल्या. १९६० मध्ये निघालेल्या अहवालाचे नावच ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ अशा अर्थाचे आहे.

दरडींत त्यांना खडीचे वेगवेगळ्या काळांतले थर दिसले. तळच्या पाषाणाजवळच्या, चुन्याने घट्ट झालेल्या खडीत काळ्या दगडाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी होत्या. त्यावरच्या खडीत हत्यारे बदललेली होती. ती लहान होती, अकीक, जास्पर, गारगोटी अशा चिवट आणि धारदार दगडांच्या छिलक्यांपासून केलेली होती, आणि त्यांत तासण्यांचे प्रमाण मोठे होते. हातकुऱ्हाडींचा काळ आणि अगदी बारीक सूक्ष्मास्त्रांचा काळ यांच्या मधला हा टप्पा भारतात तोवर नीट ओळखला गेला नव्हता. सांकलियांनी त्याला ‘नेवासियन’ म्हटले. एका तालुक्याच्या गावाचे नाव अश्मयुगाच्या परिभाषेत गेले. १९५६ मध्ये ‘एन्शन्ट इंडिया’त त्यांनी प्रवरेच्या खोऱ्यातील प्राण्यांचे जीवाश्म आणि अश्मयुगीन हत्यारे यांवर लेख लिहिला. त्यात तोच नर्मदेच्या नावाचा रानबैल होता. नेवाशाच्या परिसरात आणि गोदावरीकाठच्या काळेगावला त्याचे अवशेष हत्यारे देणाऱ्या खडीत मिळाले होते. मुंगीच्या कपचीने विचारलेल्या प्रश्नाला सुमारे नव्वद वर्षांनी उत्तर मिळाले.

उत्तर मिळाले असे म्हणताना एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि माझ्या मते या विषयात सामान्य वाचकाने समजून घ्यावी अशी सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. एकाच खडीत सापडलेल्या दोन वस्तू एकाच काळातल्या असतीलच असे नाही. पूर जुना काठ फोडतो, त्यातले लाख वर्षांचे हाड उचलतो आणि कालच्या हत्याराशेजारी नेऊन टाकतो. मग ओळखायचे कसे? कडा पाहून. वाहत आलेल्या हत्याराच्या धारा बोथट होतात, अंग गुळगुळीत होते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पाणी आणि गोटे मिळून कठीण पाषाणाचे काय करू शकतात हे सांगायला नको. याउलट धार ताजी असेल, तर वस्तू फारशी हललेली नाही. हाडाचेही तसेच. दात जबड्यात घट्ट असतील, सांध्याची हाडे शेजारीशेजारी असतील, तर प्राणी तिथेच जवळपास पडला. आणि हे सगळे कळते ते वस्तू जागेवर असताना. कपाटात ठेवलेल्या हाडाला वय सांगता येत नाही. वय त्याच्या भोवतीचा थर सांगतो.

ही सावधगिरी जर्मन संशोधक गुडरून कॉर्विनस यांनी कामात उतरवली. नेवाशाजवळ चिरकी नावाचा ओढा प्रवरेला मिळतो. १९६६ ते १९६९ या काळात त्यांनी तिथे उत्खनन केले. दरडीतून हत्यारे वेचून न थांबता त्यांनी क्षेत्र आडवे उघडले. पाषाणाच्या मोठ्या धोंड्यांमध्ये पडलेल्या हातकुऱ्हाडी आणि रुंद सरळ धारेची हत्यारे जागच्या जागी नोंदवली. प्रवरेच्या संपूर्ण खोऱ्याचा त्यांचा अभ्यास १९८१ आणि १९८३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्यातील नदीवर इतके बारकाईचे काम त्याआधी कोणी केले नव्हते. पुढे नेवाशाच्या खडीतील चुन्याचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढण्याचा प्रयत्न झाला. ही पद्धत साधारण साडेतीन लाख वर्षांपर्यंत चालते, आणि नेवाशाचे उत्तर त्या मर्यादेच्या पलीकडे गेले. म्हणजे तळची हत्यारे किमान तितकी जुनी. शेजारच्या जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. अनेक संशोधक ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानतात, काहींना ती त्याहून खूप जुनी वाटते. वादाचा निकाल काहीही लागो, वाद होऊ शकतो तो थर जागेवर आहे म्हणून.

या सगळ्यावरून त्या काळच्या गोदा-प्रवरेकाठचे चित्र असे उभे राहते. रानबैल गवतावर जगणारा, म्हणजे गवताची मोठी कुरणे हवीत. हत्तीला गवताबरोबर झाडझाडोरा आणि बारमाही पाणी हवे. गोदावरीची उपनदी असलेल्या मांजरेच्या काठी, लातूर जिल्ह्यात, जी. एल. बदाम आणि विजय साठे यांच्यासारख्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी जे जीवाश्म अभ्यासले त्यांत पाणघोडाही आहे. आज आफ्रिकेत पाहायला जावा लागणारा प्राणी तेव्हा मराठवाड्यातल्या डोहांत डुंबत होता. पाऊस कमी-अधिक होत राहिला, नद्या कधी खडी टाकत, कधी काठ कोरत राहिल्या. पण माळावरच्या गवताचे राज्य मात्र पूर्णपणे गेले नाही. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य हा त्याचा उरलेला तुकडा, अवघा २.१७ चौरस किलोमीटरचा.

रानबैलाचे काय झाले? तो एका अर्थाने गेलाच नाही. वशिंडाच्या देशी गाईबैलांचे पूर्वज हे याच भारतीय रानबैलाच्या वंशातले. त्यांना माणसाळवण्याचे काम सुमारे आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या पश्चिमेकडच्या प्रदेशात सुरू झाले असे पुरावे सांगतात. अकोल्याच्या घाटात धो-धो पावसात चिखलणी करणारी डांगी जनावरे, पोळ्याला सजणारे खिल्लार, वसुबारसेला ओवाळली जाणारी गाय यांच्यामागे तो वंश आहे. हत्ती आणि पाणघोडा मात्र संपले. अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये भारतातील अशा प्राण्यांच्या लोपाचा आढावा घेतला. त्यांच्या मते सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीपासून काही मोठे प्राणी इथून नाहीसे झाले, पण अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात झाला तसा सरसकट संहार इथे झाला नाही. त्याचे एक कारण ते असे सुचवतात की इथले प्राणी लाखो वर्षे माणसासोबत जगत आले होते. त्यांना माणूस ठाऊक होता. अमेरिकेतल्या प्राण्यांपुढे तो एकाएकी आला.

वाघ, हत्ती, गवा, गेंडा हे भारतात आजही आहेत, याचे मूळ त्या दीर्घ सहवासात असेल, तर तो सहवास खरोखर घडला याचा पुरावा कुठे आहे? मुंगीसारख्या, नेवाशासारख्या, काळेगावसारख्या खडीत. म्हणून मला ही खडी जिल्ह्याच्या अभिमानापुरती वाटत नाही. जगाच्या एका मोठ्या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग तिच्यात आहे.

आणि ती खडी आज नाहीशी होत आहे. १९७६ मध्ये पुरे झालेल्या जायकवाडी धरणाचे पाणी शेवगाव-नेवासे तालुक्यांतल्या गोदावरीकाठावर पसरले. त्या पाण्यावर माणसे आणि शेती जगते, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. वाळूउपशाचे तसे नाही. पात्रातली सैल वाळू अलीकडची, तिच्यात जुने जीवाश्म जागेवर नसतात. त्यामुळे ‘वाळू नेली तर काय बिघडले’ असे कोणी म्हणेल. पण वाळू संपली की पोकलेनचा दात खालच्या आणि काठच्या घट्ट थराला लागतो. पात्र खोल गेले की दरडी कोसळतात. दरड एकदा पडली की हत्यार, हाड आणि थर यांची गाठ सुटते, आणि ती पुन्हा बांधता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात छोट्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, ती नदीच्या प्रकृतीसाठी. जीवाश्मांचा विचार त्यात नव्हता. जीवाश्मस्थळांच्या जतनासाठी भूवारसा विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला. पण कायद्याची वाट पाहत दरड थांबत नाही.

करण्याजोगे बरेचसे काम गावातच आहे. गोदा-प्रवरेच्या काठी खणली जाणारी प्रत्येक विहीर म्हणजे जमिनीचा उभा छेद असतो. काळी माती कुठे संपली, पिवळी कुठे लागली, चुनखडी किती हातांवर, खडी किती, हे विहीर खणणाऱ्याला नेमके ठाऊक असते, आणि विहीर बांधून झाली की ते कुठेच लिहिलेले राहत नाही. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने गावातल्या नव्या विहिरींची अशी वही ठेवली तर ती संशोधकाच्या कामी येईल. खडीत वजनदार, दगडासारखे हाड किंवा दात दिसला तर तो उपटून काढू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जमिनीपासूनची खोली, थराचा रंग आणि जागा लिहावी, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. हाड आधीच सुटून पडले असेल तर ते कोरडे ठेवावे. धुणे, तेल लावणे, रंगवणे टाळावे. राक्षसाचे हाड म्हणून देवळात ठेवले तरी हरकत नाही, पण कोणत्या शेतात, किती खोलीवर सापडले एवढी चिठ्ठी त्याला बांधावी. मुंगीची ती कपची दीडशे वर्षांनंतरही अभ्यासकांच्या लिखाणात येते, कारण ती कोणत्या गावाजवळ, कसल्या थरात मिळाली याची नोंद तिच्याबरोबर राहिली.